पाच सेंटिमीटरची पट्टी

बास्केटबॉल ज्या गावात जन्मला, त्याच गावात बिल्किस अब्दुल-कादिर जन्मली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातले स्प्रिंगफिल्ड हे ते गाव. १८९१ च्या हिवाळ्यात जेम्स नाइस्मिथ या शिक्षकाने तिथल्या व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि हा खेळ सुरू झाला. बिल्किसचा जन्म १९९० चा.

शाळेत असतानाच ती हिजाब घालून खेळू लागली. डोक्याला स्कार्फ, पूर्ण बाह्या, पाय झाकलेले आणि हातात चेंडू. उंची साडेपाच फुटांच्याही आत. २००९ मध्ये शाळा संपली तेव्हा तिच्या नावावर ३,०७० गुण होते. त्या राज्यात शालेय सामन्यांत इतके गुण तोवर ना कुठल्या मुलाने केले होते, ना मुलीने. आधीचा २,७१० गुणांचा विक्रम रिबेका लोबोचा होता आणि लोबो पुढे ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकून आली होती. त्याच वर्षी रमजानमध्ये व्हाइट हाउसमधल्या इफ्तारला बिल्किसला बोलावणे आले. राष्ट्राध्यक्ष ओबामांनी भाषणात तिचे नाव घेऊन कौतुक केले.

पुढे मेम्फिस विद्यापीठ. पहिल्याच वर्षी गुडघा दुखावला आणि हंगाम वाया गेला. २०१० मध्ये ती मैदानात उतरली, तेव्हा अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वांत वरच्या गटात हिजाब घालून खेळणारी ती पहिली मुलगी ठरली. २०१३ मध्ये पदवी हातात आली. खेळाचे एक वर्ष शिल्लक होते, म्हणून पुढील शिक्षणासाठी ती इंडियाना स्टेट विद्यापीठात गेली आणि तिथून शेवटचा हंगाम खेळली.

इथवरचा रस्ता सरळ होता. कॉलेजनंतरचा रस्ता कसा असतो, ते आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नसते, म्हणून थोडे सविस्तर सांगते. अमेरिकेत वरच्या गटात महिलांचे संघ असलेली तीनशेहून अधिक कॉलेजे आहेत. २०१४ मध्ये तिथल्या महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये संघ होते बारा, आणि वर्षाकाठी निवड व्हायची छत्तीस जणींची. बाकीच्यांनी काय करायचे? त्या परदेशी जातात. तुर्की, इटली, स्पेन, पोलंड, ऑस्ट्रेलिया अशा देशांतले क्लब बाहेरच्या खेळाडू घेतात. खेळाडू एजंट नेमते, सामन्यांच्या चित्रफिती क्लबांकडे जातात, करार होतो. पगाराबरोबर बहुधा राहायची जागा आणि विमानाचे तिकीटही मिळते. देश बदलताना आधीच्या देशाच्या महासंघाकडून सुटकेचे पत्र लागते, कारण हा सगळा कारभार फिबा या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांखाली चालतो.

आणि फिबाच्या नियमावलीत कलम ४.४.२ होते. डोक्यावर काहीही घालून खेळता येणार नाही. केस आवरायला पट्टी चालेल, तीही पाच सेंटिमीटरपेक्षा रुंद नको. अमेरिकेतल्या कॉलेजांची नियमावली वेगळी असल्याने बिल्किसला इतकी वर्षे या कलमाशी गाठ पडली नव्हती. ती पडली ऐन करार शोधताना.

कारण दिले जायचे ते सुरक्षिततेचे. पिन नसलेला, घट्ट बसणारा खेळाचा स्कार्फ सुरक्षिततेला कसा बाधतो, हे मला तरी समजलेले नाही. फुटबॉलने तो प्रश्न मार्च २०१४ मध्येच निकाली काढून डोके झाकायला परवानगी दिली होती. आणि हा नियम फक्त आपल्यालाच नडत होता, असेही नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये चीनमधल्या आशिया चषकात भारताच्या अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग यांना जपानविरुद्धच्या सामन्याआधी पगडी उतरवायला लावली गेली. दोन महिन्यांनी इंचॉनच्या आशियाई खेळांत कतारच्या मुलींना हिजाब काढून खेळा म्हणून सांगितले. त्यांनी मंगोलियाविरुद्धचा सामना सोडून दिला.

बिल्किसपुढेही तोच सवाल होता. वय तेवीस. खेळाडूच्या आयुष्यातली हीच चार-सहा कमाईची वर्षे. ‘एवढा करार मिळतोय, सामन्यापुरता काढ, बाहेर आल्यावर घाल’ असे सुचवणारे अशा वेळी कमी नसतात. ती डगमगली नाही, असे लिहिले तर ते खोटे होईल. त्या काळात आपलाच ईमान आपण तपासून पाहत होतो, असे तिने नंतर उघडपणे सांगितले आहे. मला तिचे हे सांगणे तिच्या तीन हजार गुणांपेक्षा मोठे वाटते. आपल्या घरातल्या मुलींनाही असे प्रश्न पडतात, आणि त्या ते अम्मीपुढे बोलतही नाहीत.

तिने स्कार्फ ठेवला. करार गेला. मेम्फिसमधल्या एका मुस्लिम शाळेत ती खेळांची प्रमुख झाली, मुलींना शिकवू लागली आणि नियमाविरुद्ध लढत राहिली. ती एकटी नव्हती. बोस्नियन-अमेरिकी इंदिरा काल्यो, ब्रिटनमधली अस्मा एल्बदावी अशा खेळाडू सह्या गोळा करीत होत्या. लाखाहून अधिक लोकांनी सह्या केल्या. फिबाने आधी दोन वर्षे देशांतर्गत सामन्यांपुरती सूट देऊन पाहिली. मग मे २०१७ मध्ये हाँगकाँगच्या बैठकीत नियम बदलला आणि १ ऑक्टोबर २०१७ पासून तो लागू झाला. रंग काळा, पांढरा किंवा गणवेशाचा, चेहरा उघडा, लोंबणारे टोक नको. एवढ्या साध्या अटी! यांना तीन वर्षे लागली.

अमृतपाल त्याच मोसमात ऑस्ट्रेलियात सिडनी किंग्जकडून खेळला. बिल्किस मात्र व्यावसायिक खेळाकडे परतली नाही. दार उघडले तेव्हा ती सत्ताविशीला टेकली होती आणि कॉलेजचा शेवटचा सामना खेळून तीन वर्षे उलटली होती. तिच्यावर ‘लाइफ विदाउट बास्केटबॉल’ हा माहितीपट निघाला. नंतर ती कॅनडात स्थायिक झाली.

फिबाने बदलले म्हणजे सगळीकडे बदलले, असे मात्र समजू नका. फ्रान्सची दियाबा कोनाते २०१८ च्या युवा ऑलिंपिकमध्ये फ्रान्ससाठी रौप्यपदक जिंकली. नंतर अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेकडून ती हिजाब घालून खेळली. पण फ्रान्सच्या महासंघाने २०२२ मध्ये आपल्या सर्व स्पर्धांत, गावपातळीपर्यंत, धार्मिक शिरोवस्त्राला बंदी केली. त्यामुळे २०२४ मध्ये कॉलेज संपले तेव्हा तिला स्वतःच्याच देशात क्लबकडून खेळता येईना.

तेव्हा घरातली मुलगी किंवा मुलगा खेळात पुढे जात असेल, बाहेर खेळायचे स्वप्न पाहत असेल, तर प्रशिक्षकाला तीन गोष्टी आधीच विचारा. ही स्पर्धा कोणत्या महासंघाच्या नियमांनी चालते? पोशाखाबद्दल त्यांच्या नियमावलीत नेमके काय लिहिले आहे? आणि पुढच्या पायरीवर, परदेशात, तोच नियम राहतो का? उत्तर तोंडी घेऊ नका, कागदावर मागा. पदवीचे वर्ष खेळासाठी सोडू देऊ नका. गुडघा दुखावला, करार हुकला, तेव्हा बिल्किसला शाळेत नोकरी मिळाली ती याच पदवीच्या जोरावर.