जामीनदार नाही म्हणून कैद

आपल्या मोहल्ल्यातला एखादा मुलगा पोलिसांनी उचलला की घरात पहिला प्रश्न निघतो तो गुन्ह्याचा नाही, ‘जामीन कोण राहील?’ हा. सातबारा कोणाच्या नावावर आहे? पगाराची पावती कोणाकडे आहे? भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, हातगाडी ढकलणाऱ्या, बेकरीत रात्रपाळी करणाऱ्या माणसाच्या नात्यागोत्यात असा जामीनदार सापडत नाही. मग न्यायाधीश जामीन मंजूर करतात आणि मुलगा मात्र आतच राहतो.

ही कल्पना नव्हे. सर्वोच्च न्यायालयासमोर २०२३ च्या सुरुवातीला आलेल्या माहितीनुसार, जामीन मिळूनही आतच राहिलेले सुमारे पाच हजार कच्चे कैदी देशभरात होते. न्यायालय म्हणते ‘जा’, आणि गरिबी म्हणते ‘थांब’. न्यायालयापेक्षा गरिबीचा हुकूम मोठा ठरतो, याला इन्साफ म्हणायचे का?

आता याचा हिशेब पाहू. २०२२ अखेर देशातील तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत माणसे होती ५,७३,२२०. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारांतल्या तिघांवर गुन्हा शाबीत झालेलाच नव्हता. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात तर वर्षानुवर्षे क्षमतेच्या कितीतरी पट माणसे कोंबलेली असतात. देशभरच्या तुरुंगांवर वर्षाला सात हजार कोटींहून अधिक रुपये खर्च होतात. डोक्यामागे वर्षाला लाखाच्या वर हा आकडा जातो. पंधरा हजारांच्या जामिनाअभावी आत राहिलेल्या माणसावर सरकारचे तेवढेच पैसे दीड-दोन महिन्यांत खर्ची पडतात. पुढचे महिने आणि वर्षे निव्वळ तोट्याची. बाहेर राहून तो कमावणार होता, घर चालवणार होता, ते नुकसान तर कोणत्याच सरकारी वहीत लिहिले जात नाही.

कोणी म्हणेल, एक कैदी सुटला म्हणून शिपायाचा पगार किंवा भिंतीचा खर्च थोडाच वाचतो? बरोबर आहे. एका कैद्याने वाचत नाही. पण हजारो कच्चे कैदी बाहेर आले तर नव्या बराकी आणि नवे तुरुंग बांधायची गरज उरत नाही, आणि खरी बचत तिथेच आहे. गर्दी झाली की तुरुंग वाढवायचे, ही आपल्या राज्यकर्त्यांची ठरलेली वाट. २०२२ च्या संविधानदिनी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या कार्यक्रमात, न्यायाधीशांच्या समोरच, आणखी तुरुंग हवेतच कशाला, असा सवाल केला होता. त्याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

‘मग गुन्हेगारांना मोकाट सोडायचे का?’ हा हमखास विचारला जाणारा प्रश्न. नाही. ज्याच्यापासून समाजाला धोका आहे त्याला जरूर आत ठेवा. इथे बोलणे चालले आहे ते ज्यांना सोडायला खुद्द न्यायालय तयार आहे त्यांच्याविषयी.

कायदा नाही असेही नाही. १९७८ साली मोतीराम या गवंड्याच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दहा हजारांचा जामीन आणि परजिल्ह्यातला म्हणून नाकारलेला जामीनदार या दोन्हींवर कोरडे ओढले. १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांत शिक्षेच्या मुदतीहून अधिक काळ सडलेली माणसे देशाला दिसली. २००६ पासून निम्मी कमाल शिक्षा भोगलेल्या कच्च्या कैद्याला सोडण्याची तरतूद लागू झाली. १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या संहितेने पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्यासाठी ती एकतृतीयांशावर आणली. पण त्याच कलमात मेख आहे. एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर ही सवलत नाही. एका फिर्यादीत चोरी आणि घरफोडी अशी दोन कलमे लावणे पोलिसांना किती अवघड आहे? एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने काढून घेतले. गरीब कैद्यांना चाळीस हजारांपर्यंत मदत देणारी केंद्राची योजना २०२३ मध्ये आली. तिचा लाभ मिळवायलाही समितीपर्यंत कागद पोहोचवणारा कोणीतरी लागतो, आणि ज्याला कोणी नाही त्याच्यासाठीच तर ती योजना होती!

उपाय साधे आहेत. किरकोळ गुन्ह्यांत जामीनदाराऐवजी जातमुचलका हा नियम व्हावा. जामीन मंजूर होऊन आठवडा उलटला तरी माणूस आत असेल, तर त्याचा जाब तुरुंगाने आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने द्यावा. नव्या संहितेतली ती मेख काढावी. आणि शिक्षा झालेल्यांसाठी खुले तुरुंग वाढवावेत. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवून हे करून दाखवले. ‘दो आँखें बारह हाथ’ त्याच प्रयोगावरून निघाला. सिनेमाला टाळ्या वाजवल्या, प्रयोगाचा विस्तार मात्र विसरलो.

शेवटी दोन शब्द आपल्या समाजासाठी. २०११ च्या जनगणनेत देशात मुसलमान १४.२ टक्के होते. २०१९ अखेर कच्च्या कैद्यांत त्यांचे प्रमाण १८.७ टक्के होते. मालेगावच्या २००६ च्या स्फोटात गोवलेल्यांना आरोपमुक्त व्हायला २०१६ उजाडले, तेव्हा आपण सभा घेतल्या, निवेदने दिली. ते योग्यच होते. पण मोबाइल चोरीच्या आरोपात आत गेलेल्या पोराकडे आपण पाठ फिरवतो, ‘बदनाम करतो’ म्हणतो. त्याची अम्मी मुलाकातीच्या रांगेत एकटीच उभी असते. तिच्या पुढे-मागे उभ्या असतात पारधी, दलित, आदिवासी आया. इन्साफ मागायचा तर निवडक निरपराधांपुरता नको, रांगेतल्या सगळ्यांसाठी मागावा. जकातीच्या आठ वाट्यांत एक वाटा माणसाला बंधनातून सोडवण्याचा आहे. या वर्षीच्या रमजानमध्ये प्रत्येक शहरातल्या एका तरी जमातीने एक वकील आणि एक जामीन निधी उभा करावा, आणि त्यातून कोणाची जात-जमात न विचारता माणसे सोडवावीत. मगच सरकारला जाब विचारायला आपले तोंड मोकळे होईल.