बाजार छोट्यांचा निवडला, माणसंही घडवून घेतली

सप्टेंबर 2025 मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपण कामासाठी झोहोची सॉफ्टवेअर वापरणार असल्याचं जाहीर केलं. त्याच सुमारास या कंपनीचं 'अरट्टई' हे मेसेजिंग अॅप लाखो मोबाईलमध्ये पोहोचलं. चर्चा रंगली ती स्वदेशी-विदेशीची. पण शाळेत शिकवणाऱ्या माणसाला दोन वेगळेच प्रश्न पडतात. ही कंपनी माल कोणाला विकते? आणि नोकरी कोणाला देते?

आधी बाजाराचं पाहू. 1996 मध्ये श्रीधर वेंबू आणि त्यांच्या साथीदारांनी 'अॅडव्हेंटनेट' नावानं कंपनी सुरू केली. गिऱ्हाईक होते टेलिकॉम नेटवर्कची उपकरणं बनवणारे उद्योग. 2001 च्या मंदीत हे गिऱ्हाईक एकामागून एक गळाले. एकाच बाजारावर विसंबणं किती महाग पडतं, हे तेव्हा कळलं. मग कंपनी वळली छोट्या-मध्यम व्यवसायांकडे. बड्या अमेरिकन कंपन्यांची महागडी सॉफ्टवेअर ज्यांना परवडत नाहीत, असे हे लोक. 2005 पासून झोहो या नावानं इंटरनेटवर चालणारी, तुलनेनं स्वस्त सॉफ्टवेअर येऊ लागली. 2023 मध्ये वापरणाऱ्यांची संख्या 10 कोटींवर गेली. विशेष म्हणजे हे सगळं बाहेरच्या गुंतवणूकदारांचा पैसा न घेता झालं.

आता माणसांचं. एका गिऱ्हाईकाकडून थोडेच पैसे मिळत असतील, तर खर्चही बेतानंच करावा लागतो. नामांकित कॉलेजचे टॉपर मोठ्या पगाराच्या कंपन्यांकडे जातात. चेन्नईच्या अनोळखी कंपनीकडे तेव्हा कोण येणार? म्हणून झोहोनं स्वतःचीच शाळा काढली. 2004 च्या सुमारास मोजक्या मुलांपासून सुरू झालेली ही शाळा आज 'झोहो स्कूल्स ऑफ लर्निंग' म्हणून ओळखली जाते. बारावी किंवा डिप्लोमा झालेली मुलं तिथं घेतात. फी नाही, उलट दरमहा विद्यावेतन मिळतं. आधी शिक्षण, मग प्रत्यक्ष काम, आणि त्यातूनच नोकरी. 2011 मध्ये कंपनीनं तेनकाशीजवळच्या खेड्यात कार्यालय थाटलं. म्हणजे नोकरीसाठी प्रत्येकानं गाव सोडलंच पाहिजे असं नाही.

दोन्ही निर्णयांमागची नजर एकच. इतरांनी दुर्लक्ष केलेलं गिऱ्हाईक आणि इतरांनी नाकारलेला मुलगा, दोघांतही कंपनीला वाढ दिसली. ही खैरात नाही, धंद्याचा हिशेब आहे. शिकवून तयार केलेला माणूस सहसा टिकतो, आणि स्वस्त माल विकणाऱ्याला टिकणारी माणसंच लागतात.

पण पालकांनी यातून "डिग्रीची गरज नाही" असा अर्थ काढू नये. या शाळेतही निवड परीक्षा आहे, आणि तिथं गणित आणि तर्क लागतो. तिथून बाहेर पडताना विद्यापीठाची पदवी हातात नसते. दुसऱ्या कंपनीनं किंवा सरकारी भरतीनं ती मागितली तर अडचण होते. शिवाय अशी शाळा चालवणाऱ्या कंपन्या फार थोड्या आहेत.

तरीही आपल्या घरांसाठी यात मोठी गोष्ट आहे. दरवर्षी बारावीच्या निकालानंतर काही पालक येतात. "सर, टक्के कमी पडले, फी पण झेपणार नाही. दुकानावर बसवू का?" मुलगी असेल तर प्रश्नही विचारला जात नाही, निर्णय झालेला असतो. एका मार्कशीटवर पोराची सगळी लायकी ठरवायची नसते, हे एका यशस्वी कंपनीनं वीस वर्षं करून दाखवलंय. आपण ज्याला हुनर म्हणतो, तो तालमीनं येतो आणि त्याला वेळ लागतो.

म्हणून दुकानाचा फैसला करण्याआधी डिप्लोमाची चौकशी करा, शिष्यवृत्तीचे फॉर्म मुदतीत भरा, गणिताची भीती आठवीतच घालवा. आणि मुलीलाही विचारा, तिला काय शिकायचंय.