अरण्य आणि पर्जन्य

केरळातील सायलेंट व्हॅलीच्या सदाहरित अरण्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला तो 1984 साली. तेथील कुंतीपुळा नदीवर धरण बांधून वीज निर्माण करण्याची योजना 1973 मध्ये मंजूर झाली होती. शास्त्रज्ञ, साहित्यिक आणि सामान्य नागरिक यांनी तिला निकराने विरोध केला आणि अखेर ती सोडून द्यावी लागली. त्या वादात सिंहपुच्छ वानराचे नाव सर्वतोमुखी झाले. आज तोच वाद नव्याने उद्भवला, तर वानराआधी पावसाचे नाव घ्यावे लागेल.

अरण्याला पाऊस लागतो हे सर्वच जाणतात. अरण्य पाऊस देते, याचा मात्र विसर पडतो. समुद्रावरून येणारे बाष्प सह्याद्रीला अडून बरसते. त्यातले पुष्कळसे पाणी जमिनीत मुरते, ते वृक्षांची मुळे शोषून घेतात आणि पाने पुन्हा बाष्परूपाने हवेत सोडतात. पश्चिमेचा वारा ते पूर्वेकडे नेतो. तामिळनाडूत नैर्ऋत्य मोसमी काळात पडणाऱ्या पावसातील सरासरी 25 ते 40 टक्के ओलावा पश्चिम घाटाच्या वनराजीतून येतो आणि अवर्षणाच्या वर्षी हे प्रमाण 50 टक्क्यांपर्यंत जाते, असे मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी 2018 मध्ये दाखवून दिले. म्हणजे घाटात पडलेल्या कुऱ्हाडीचा घाव पलीकडच्या शेतकऱ्याच्या शिवारावर बसतो. राष्ट्रीय उद्यानाची हद्द नकाशावर आखता येते; ढगांना ती ठाऊक नसते.

त्यातच हवामान पालटत आहे. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के अधिक बाष्प धारण करू शकते. परिणामी संततधारेची जागा प्रपाती वृष्टी घेऊ लागते. वायनाडमध्ये 30 जुलै 2024 रोजी आधीच भिजलेल्या डोंगरावर एका दिवसात 140 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला आणि दरडींखाली दोनशेहून अधिक माणसे दगावली. अरण्य हा अशा प्रलयावरचा रामबाण उपाय नव्हे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु उतार उघडे करावयाचे, तेथे खाणी खोदावयाच्या आणि मग निसर्गाला दोष द्यावयाचा, हा न्याय कोणता?

डॉ. माधव गाडगीळ यांच्या समितीने 2011 मध्ये आणि डॉ. कस्तुरीरंगन यांच्या समितीने 2013 मध्ये पश्चिम घाटाच्या रक्षणाविषयी अहवाल दिले. त्यानंतर संवेदनक्षेत्राच्या अधिसूचनेचा पहिला मसुदा 2014 साली निघाला, तर सहावा वायनाडच्या दुर्घटनेच्या दुसऱ्याच दिवशी! महाराष्ट्रासह सहा राज्यांचा प्रदेश त्यात येतो. डोंगरावरच्या शेतकऱ्याला आपल्या उपजीविकेची चिंता वाटते, ती खोटी नाही. तिचे निवारण करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. तिच्या आडून खाणमालकांना अभय देणे हे नव्हे. सायलेंट व्हॅली वाचविताना जो विवेक दाखविला गेला, तो एका खोऱ्यापुरता ठेवून भागणार नाही. घाटाचे अरण्य हे साऱ्या द्वीपकल्पाचे जलभांडार आहे. ते रिते झाल्यावर निघालेल्या मसुद्याने कोणाचीच तहान भागणार नाही.