इंजिन नसलेली गाडी

गाडी घ्यायची म्हटलं की आपल्या डोक्यात काय काय येतं? मायलेज, कलर, ईएमआय आणि शेजाऱ्यांचे चेहरे! पण जिला इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, बसायला साधी सीटसुद्धा नाही आणि तरीही जिच्यासाठी लोक हजारो डॉलर मोजतात, अशी गाडी कधी ऐकलीये? अमेरिकेत, त्यातही टेक्सासमध्ये, या गाडीची क्रेझ काही औरच आहे. पिकअपच्या मागे जोडलेला ट्रेलर, त्यावर आडवी झोपवलेली भलीमोठी लोखंडी टाकी, एका टोकाला लाकडाची भट्टी आणि वर धुरांडं. याचं नाव ट्रेलर स्मोकर.

आपल्याकडे बार्बेक्यू म्हणजे टेबलावरची शेगडी आणि सळईवरचं पनीर. टेक्सासचा फंडा वेगळा. तिथे मांसाला जाळ लागतच नाही. भट्टीत ओक जळतो आणि त्याची धग आणि धूर शेजारच्या टाकीतून फिरून बाहेर पडतो. टाकीतलं तापमान साधारण १०७ ते १२१ अंश सेल्सिअस. एवढ्या मंद आचेवर ब्रिस्केट, म्हणजे गायीच्या छातीकडचा चिवट तुकडा, मऊ व्हायला दहा-बारा तास सहज जातात. मध्येच मांसातलं पाणी सुटून वाफ होत राहते आणि त्याचं तापमान तासन् तास एकाच आकड्यावर अडकून बसतं. तिथले लोक याला ‘स्टॉल’ म्हणतात. नवशिक्यांचा धीर सुटतो तो इथेच!

आता हे सगळं पुण्यामुंबईत बसून आपल्याला कशाला? तर माझा मावसभाऊ ह्यूस्टनला असतो. जुलै २०२४ मध्ये ‘बेरिल’ चक्रीवादळ आलं आणि ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. काहींकडे ती कित्येक दिवस आली नाही. दादा आणि त्याच्या तीन मित्रांनी अंगणातल्या छोट्या ग्रिलवर गल्लीतल्या लोकांना जेवू घातलं. तेव्हापासून चौघांच्या डोक्यात एकच किडा आहे. एक ट्रेलर स्मोकर घ्यायचा, वीकेण्डला केटरिंगच्या ऑर्डरी घ्यायच्या आणि गरज पडेल तेव्हा फुकट जेवण द्यायचं. पैसे चौघांचे, गाडी चौघांची. मोठी घ्यायची की छोटी, यावर मात्र चौघांची चार मतं!

चॅरिटीची ही कल्पना हवेतली नाही बरं का. मे २०११ मध्ये मिसुरीतल्या जॉप्लिन गावावर भयानक टोर्नेडो आला, तेव्हा बार्बेक्यू स्पर्धांत उतरणारे गडी आपापले स्मोकर घेऊन तिथे पोचले. त्यातूनच ‘ऑपरेशन बीबीक्यू रिलीफ’ ही संस्था उभी राहिली. २०१७ मध्ये ‘हार्वे’ वादळानंतर ह्यूस्टन भागात याच संस्थेने साडेतीन लाखांहून जास्त जेवणं वाढली. थोडक्यात काय, हौसेचं खेळणं वेळ पडली तर अन्नछत्र होतं. पण त्यासाठी ते खेळणं नीट निवडायला हवं.

आधी ताटं मोजा

दुकानात गेलं की सगळ्यात मोठीच गाडी डोळ्यांत भरते. म्हणून आधी कागद घ्या आणि हिशेब करा. समजा शंभर माणसं आहेत. सोबत पाव, बीन्स, कोलस्लॉ असेल तर माणशी दीडशे ग्रॅम शिजलेलं मांस पुष्कळ झालं. म्हणजे १५ किलो. चरबी काढून आणि शिजून ब्रिस्केट जवळपास निम्मं उरतं, म्हणून कच्चं ३० किलो. सहा किलोचा एक तुकडा धरला तर झाले पाच तुकडे. फक्त पाच!

हे स्मोकर बऱ्याचदा प्रोपेन गॅसच्या टाक्यांपासून बनवतात, म्हणून त्यांची मापंही गॅलनमध्ये. २५० गॅलन म्हणजे साधारण ९५० लिटर. आपल्या गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी डोळ्यांसमोर आणा, फक्त आडवी. तिचा व्यास अडीच फूट, लांबी साडेसात-आठ फूट. पाच तुकडे आत ठेवून वर चिकनलाही जागा उरते. ५०० गॅलनची टाकी याच्या दुप्पट, आणि नुसती रिकामी टाकीच चारशे किलोच्या पुढे. तिच्यावर भट्टी, जाळ्या, ट्रेलर आणि लाकडाचा ढीग. ते ओढायला पिकअपही तशीच दणकट लागते. शिवाय मोठी टाकी पाच तुकड्यांसाठीही पूर्ण तापवावीच लागते. लाकूड तुमचं, पैसे तुमचे!

आणि ताटात काय वाढणार, हेही आधीच ठरवा. दादा स्वतः बीफ खात नाही. मराठी मंडळींच्या कार्यक्रमात अर्धी पंगत शाकाहारी. मदतीच्या रांगेत पोर्क न खाणारेही असणार. तेव्हा स्वतंत्र दार असलेला वेगळा कप्पा, किंवा निदान व्हेजसाठी वेगळी छोटी शेगडी, ही चैन नाही, गरज आहे. चिकनचा मामलाही वेगळा. ते आतून ७४ अंशांपर्यंत शिजायलाच हवं, आणि फार मंद आचेवर ठेवलं तर त्याची कातडी रबरासारखी होते. त्याला जरा जास्त धग लागते.

वीज गेली तर?

आता मॉडेल्स. साध्या ‘ऑफसेट’मध्ये भट्टी एका बाजूला, धुरांडं दुसऱ्या बाजूला. भट्टीजवळचा भाग जास्त तापतो, त्यामुळे तुकडे फिरवत राहावं लागतं. ‘रिव्हर्स फ्लो’मध्ये जाळीखाली लोखंडी पत्रा असतो. धूर त्याच्याखालून पलीकडे जातो आणि वरून परत येतो, म्हणून धग बरीच सारखी पसरते. ‘रोटिसरी’त जाळ्या पाळण्यासारख्या गोल फिरतात. केटरिंगवाल्यांची ही लाडकी. ‘पेलेट’ स्मोकर तर लाकडाच्या गोळ्या स्वतःच भट्टीत टाकतो. तापमान सेट करा आणि झोपा!

सही ना? पण थांबा. पेलेटला वीज लागते, फिरत्या जाळ्यांच्या मोटरलाही लागते. ज्या दिवशी शहर अंधारात आहे आणि तुमच्या दारात रांग आहे, नेमकी त्याच दिवशी ही गाडी बसली तर? मग तिच्यासोबत जनरेटर आणि त्याचं इंधन हेही बजेटमध्ये धरा. साध्या लाकडावरच्या स्मोकरला काडेपेटीशिवाय काही लागत नाही.

रात्रपाळी कोणाची?

काडेपेटीवर चालणाऱ्या या गाडीची किंमत मात्र वेगळ्या खात्यातून जाते. दुपारी बारा वाजता जेवण द्यायचं तर भट्टी आदल्या रात्रीच पेटते. दर पाऊण तासाला ओंडका टाकायचा, हवेची झडप बघायची. धूर पातळ, निळसर हवा. पांढरा दाट धूर म्हणजे लाकूड नीट जळत नाहीये, आणि मग मांस कडू. म्हणजे किमान दोन माणसं आळीपाळीने जागी हवीत. आपल्याकडे भंडाऱ्याच्या आदल्या रात्री आचाऱ्याजवळ कोण कोण टिकतं, आठवा जरा. संध्याकाळी वीस जण, पहाटे तीनला दोन! माझ्या मते स्मोकरचा आकार त्या दोघांवरून ठरवावा. चौघांपैकी दोघेच जागणार असतील तर ५०० गॅलनची टाकी घेऊन शोभा करायची का?

यावर एक इलाज आहे. जाड इन्शुलेशनचे बॉक्स घ्या. मांस पहाटेच तयार करून त्यात ठेवलं तर ते तासन् तास गरम राहतं आणि मुरतंही. नियम एकच. वाढेपर्यंत तापमान ५७ अंशांच्या खाली जाता कामा नये. पन्नास रुपयांच्या गप्पा कमी करा, चांगला थर्मामीटर घ्या!

सेकंडहॅण्ड घेताना

जुना स्मोकर पाहताना रंगावर जाऊ नका. भट्टीचा तळ आतून ठोकून बघा, गंज तिथेच लागतो. लोखंड सहा मिलिमीटर जाड असेल तर धग टिकते. दारं वाकलीत का, फटीतून धूर येतो का, ते पेटवूनच बघा. मग जाळीभर पावाचे स्लाइस पसरा. जिथे लवकर करपतील तो गरम कोपरा. पाच मिनिटांत टाकीची कुंडली हातात! कोणी टाकीपासून घरगुती बनवलेला विकत असेल, तर आधी त्या टाकीत काय होतं ते विचारा. उत्तर गुळमुळीत आलं की सरळ निघायचं.

आणि खाली वाकून ट्रेलरही बघा. टायर, बेअरिंग, ब्रेक, दिवे, नोंदणीचे कागद. एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या हुकवर हवा, नाहीतर हायवेवर ट्रेलर डोलायला लागतो. विक्रीसाठी असो वा दानासाठी, जेवण वाढायचं तर तिथल्या हेल्थ डिपार्टमेंटचे परवाने आणि हात धुण्याची सोय लागते. गावागावाचे नियम वेगळे, म्हणून गाडीचा चेक फाडायच्या आधी तिथे एक फोन.

दादाला मी एवढंच कळवलंय की आधी भाड्याने घ्या. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत ट्रेलर स्मोकर वीकेण्डपुरता भाड्याने मिळतो. पहिल्या वीकेण्डला चौघेही येतील, फोटोही काढतील. दुसऱ्या वीकेण्डला रात्री दोन वाजता किती जण हजर आहेत ते मोजायचं, आणि तेवढ्यांना झेपेल तेवढीच टाकी घ्यायची.