एआयने शोधले २२ लाख नवे स्फटिक. पण भट्टीतून नवे किती निघाले?

गूगल डीपमाइंडच्या ‘नोम’ या एआय मॉडेलने २२ लाख नव्या स्फटिकरचना सुचवल्या. त्यातल्या ३ लाख ८० हजार सर्वाधिक स्थिर असतील, असा अंदाज नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. बॅटरी, सोलर पॅनेलसाठी घबाडच! पण आकड्यावर हुरळून जाण्यात अर्थ नाही.

असे का? ही मॉडेल्स ‘डीएफटी’ या क्वांटम गणिताने काढलेल्या आकड्यांवर शिकतात. त्यात साधारणपणे तापमान शून्य केल्व्हिन आणि प्रत्येक अणू ठरलेल्या जागी, असे धरलेले असते. भट्टीत शेकडो अंशांच्या उष्णतेत मात्र मिळतेजुळते अणू एकमेकांच्या जागा बळकावतात. म्हणजे संगणकावर जो पदार्थ नवा, तो भट्टीतून जुनाच होऊन बाहेर येऊ शकतो.

अमेरिकेतल्या बर्कले लॅबच्या ‘ए-लॅब’मध्ये रोबोंनी १७ दिवसांत ५८ पैकी ४१ पदार्थ बनवल्याचा दावाही तेव्हाच झाला होता. प्रिन्स्टनच्या लेस्ली शूप, लंडनचे रॉबर्ट पालग्रेव्ह आणि सहकाऱ्यांनी त्यांचे एक्स-रे आलेख पुन्हा तपासले. निष्कर्ष : नवा पदार्थ एकही नाही. दोन तृतीयांश पदार्थ हे बहुधा आधीच माहीत असलेल्या, अणूंची सरमिसळ झालेल्या संयुगांचेच नमुने होते.

एआय चाळणी म्हणून उत्तमच. लाखो पर्यायांतून शंभर निवडायला माणसाला जन्म पुरणार नाही. पण निधी देणाऱ्यांनी सर्व्हरइतकाच पैसा भट्टीवर आणि एक्स-रे आलेख वाचणाऱ्या रसायनतज्ज्ञांवरही लावायला हवा. ए-लॅबच्या आलेखांतली गफलत पकडली ती अशाच डोळ्यांनी.