पहारेकऱ्यानेच घर अडवलं तर?

संगणक मंद चालला की मेमरी कोण खातंय ते आपण पाहतो. पण ते दाखवणारा प्रोग्रामही मेमरी खातोच. वालूरसारख्या गावातल्या शाळेत, दोन जीबीच्या जुन्या संगणकावर, हे लगेच जाणवतं.

लिनक्समध्ये २००९ पासून 'पर्फ' आहे. नुसती मोजणी केली तर आकडा ६४ बिटचा, म्हणजे ८ बाइटचा. घटनांच्या सविस्तर नोंदींना मात्र बफर लागतो, बहुधा प्रत्येक सीपीयूसाठी वेगळा. आणि कर्नलने घेतलेली ही मेमरी डिस्कवर ढकलता येत नाही. म्हणून बफर रहाटगाडग्यासारखा ठेवतात: गाडगी ठरलेली, रिकामी झाली की तीच पुन्हा भरायची. वाचायला उशीर झाला तर काही नोंदी गळतात, पण किती गळल्या तेही 'पर्फ' सांगतो. मला हा व्यवहार मान्य आहे.

आकड्यावर भागत असेल तिथे नोंद नको; नमुन्यावर भागत असेल तिथे प्रत्येक घटना नको. माहिती भरण्यातच तास संपला तर शिकवायचं कधी, हे आम्हा शिक्षकांना वेगळं सांगायला नको. "मेमरी वाढवा" हा सल्ला सोपा आहे, पण पैसे शाळेला मोजावे लागतात.

हिशेब ठेवावाच. फक्त निगराणी करणाऱ्या प्रोग्रामने स्वतः किती मेमरी घेतली, तेही पडद्यावर दाखवावं.