यंत्र दुरुस्त होईल, छातीचे काय?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. नाशिकरोडचे एक जुने परिचित सायंकाळी दवाखान्यात आले. नोकरीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ रक्तदाबासाठी दर महिन्याला येतात. त्या दिवशी मात्र रक्तदाब मोजण्याआधीच त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि टेबलावर ठेवली. काडेपेटीहून थोडी मोठी, जड, धातूची डबी. वर काचेची नळी, बाजूला घड्याळासारखा छोटा पडदा.

"डॉक्टर, मुलाच्या बॅगेत सापडलं. साखर तपासायचं यंत्र आहे का हो हे? पोराला मधुमेह तर झाला नाही ना? आम्हाला सांगत नसेल."

मी बटण दाबले. पडद्यावर इंग्रजीत दोन शब्द उमटले. नळी तपासा, अशा अर्थाचे. मी म्हटले, "काका, साखरेचं यंत्र नाही. विजेवर चालणारी सिगारेट आहे." साखर नाही हे ऐकून त्यांना प्रथम हायसे वाटले, आणि मग दुसरा शब्द ध्यानात आल्यावर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

दोन दिवसांनी मुलगा स्वतःच आला. वय चोवीस, संगणकाच्या कंपनीत नोकरी. लहानपणी टॉन्सिल सुजले की आईच्या कडेवर बसून येणारा हाच तो. महिनाभर कोरडा खोकला, घशात जळजळ, सकाळी मळमळ आणि मधूनच छातीत धडधड, अशा त्याच्या तक्रारी. पण त्याचे निदान त्याने आधीच करून ठेवले होते.

"काका, यंत्र बिघडलंय म्हणून हा त्रास होतोय. त्याचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर आहे, पण जोडणी नीट होत नाही. एकदा ते जमलं की खोकला जाईल."

आजचा लेख त्याच्या या वाक्यावर आहे. दोघांच्या संमतीनेच तो लिहीत आहे. ते वाक्य सर्वस्वी खोटे नव्हते, आणि मला वाटते, त्यातच खरा धोका आहे.

हे यंत्र आहे तरी काय?

चीनमधील होन लिक नावाच्या औषधशास्त्रज्ञाने २००३ च्या सुमारास आजच्या ई-सिगारेटचे पहिले रूप तयार केले. रचना साधी आहे. एक बॅटरी, तारेचे एक छोटे वेटोळे, त्यात कापसाची वात आणि वातीला भिजवणारा द्रव. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाची द्रव्ये आणि निकोटिन असते. बटण दाबले की तार तापते, द्रवाची वाफ होते आणि ती माणूस ओढतो. आपल्या निरांजनातली वात तेल संपले की करपते, तशीच इथली वातही कोरडी पडली की करपते.

पुढे हौशी लोकांसाठी त्यात चिप आली. किती वॅट शक्ती द्यायची, तार किती अंशापर्यंत तापू द्यायची, झुरका किती सेकंदांचा, हे सारे ठरवता येऊ लागले. अमेरिकेतील इव्हॉल्व्ह कंपनीने २०१५ च्या सुमारास आपल्या चिपबरोबर एस्क्राइब नावाची संगणकप्रणालीच दिली. यंत्र लॅपटॉपला जोडायचे आणि पडद्यावर आलेख पाहत हवे तसे बदल करायचे. व्यसनाची साधने माणसाने पुष्कळ काढली, पण ज्याची नाडी संगणकावर पाहता येते असे साधन या आधी नव्हते.

आता बिघाड कुठे होतो ते पाहू. बहुतेक वेळा कारण किरकोळ असते. नुसती चार्जिंगची वायर लावली आणि तिच्यातून माहिती जातच नसली, तर संगणकाला यंत्र दिसत नाही. मोबाइल वापरणाऱ्या कोणालाही हे ठाऊक आहे. नळी सैल बसली की चिपला तार सापडत नाही आणि ती तक्रार करते.

पण एक बिघाड नीट समजून घेण्यासारखा आहे. तारेचे तापमान मोजायला या यंत्रात तापमापक नसतो. तार तापली की तिचा विद्युतरोध वाढतो आणि त्या वाढीवरून चिप तापमानाचा हिशेब करते. त्यासाठी तार थंड असताना तिचा रोध किती होता, हे अचूक ठाऊक असावे लागते. समजा, नुकतीच वापरलेली गरम नळी घाईने बसवली आणि तोच 'थंड' आकडा म्हणून नोंदला गेला. मग पुढचा प्रत्येक हिशेब चुकतो. तार प्रत्यक्षात जास्त तापलेली असते आणि पडद्यावर कमी दिसते. तार स्टीलची आणि नोंद निकेलची असली तरी तेच होते. तराजूला पासंग असला की पुढचे सगळे वजन खोटे, त्यातला हा प्रकार.

हा केवळ यंत्राचा प्रश्न नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळते, ग्लिसरीन २९० अंशांना. वात कोरडी आणि तार अतितप्त झाली की हे पदार्थ विघटित होऊन त्यातून फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅसिटाल्डिहाइड, अ‍ॅक्रोलिन अशी द्रव्ये निघतात. शरीररचनेच्या प्रयोगशाळेत प्रेते टिकवायला वापरतात ते फॉर्मलिन याच फॉर्मल्डिहाइडचे. ते कर्करोगकारक आहे. जानेवारी २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात अमेरिकी संशोधकांचे एक पत्र प्रसिद्ध झाले. एकाच यंत्रात ३.३ व्होल्टला फॉर्मल्डिहाइड देणारी संयुगे आढळली नाहीत, ५ व्होल्टला मात्र ती भरपूर आढळली. त्यावर आक्षेप आला की इतकी करपट वाफ कोणी ओढणारच नाही. आमच्या या मुलानेही तोच आक्षेप घेतला.

मी विचारले, "करपट चव येते का?"

"येते ना. तीन आठवडे येतेय. म्हणून तर सॉफ्टवेअर दुरुस्त करायचंय."

तीन आठवडे करपट वाफ ओढूनही त्याला यंत्र बाजूला ठेवावेसे वाटले नव्हते. मला वाटते, आक्षेपाला हेच उत्तर आहे.

पडद्यावरचा केसपेपर

म्हणजे मुलगा अर्धा बरोबर होता. घशाची जळजळ बिघाडाने वाढली असणार. मग दुरुस्ती करून द्यावी का? मी म्हटले, "लॅपटॉप उघड. जुनी नोंद तरी दाखव."

त्या प्रणालीत आजवरचे एकूण झुरके आणि रोजची सरासरी नोंदलेली होती. सरासरी होती दिवसाला २८०. तो स्वतःच आकड्याकडे बघत राहिला. त्याची समजूत पन्नास-साठची होती. एका सिगारेटचे दहा-बारा झुरके धरले, तर हे दिवसाला चोवीस-पंचवीस सिगारेटींएवढे ओढणे झाले. सिगारेट निदान संपते, विझते, दुसरी पेटवायला बाहेर जावे लागते. या यंत्राला शेवट नाही. ते उशाशी असते. सकाळी उठल्यावर पहिला झुरका किती वेळाने, असे विचारले, तर म्हणाला, "डोळे उघडले की." निकोटिनचे परावलंबन मोजण्यासाठी आम्ही डॉक्टर जी फॅगरस्ट्रॉम प्रश्नावली वापरतो, तिच्यात हाच प्रश्न सर्वांत मोलाचा मानला जातो. पाच मिनिटांच्या आत म्हणजे परावलंबन तीव्र.

मळमळ आणि धडधड ही तर यंत्र उत्तम चालत असतानाचीच लक्षणे होती. ती निकोटिनची. ओढलेले निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचते आणि साधारण दोन तासांत रक्तातले प्रमाण निम्मे होते. म्हणून पुन्हा पुन्हा हात जातो. निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांना इमिडाक्लोप्रिड हे नाव नवे नाही. त्या औषधांच्या गटाला निओनिकोटिनॉइड म्हणतात, कारण ती निकोटिनच्या धर्तीवर बनवलेली आहेत. खुद्द निकोटिनही पूर्वी कीटकनाशक म्हणून फवारले जाई. बागेत फवारणी करताना आपण तोंडाला फडके बांधतो, आणि इथे तेच द्रव्य नळीने छातीत ओढतो.

कायदा आहे, पण…

काही वाचक म्हणतील, आपल्याकडे तर यावर बंदी आहे. आहे. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्राने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवण, जाहिरात सारे निषिद्ध. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. मी या बंदीच्या बाजूचा आहे. पण गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि गुटखा कुठे मिळतो हे शाळकरी मुलाला विचारले तरी कळते. चोरून आलेल्या मालाचे आणखी एक संकट असते. बाटलीत काय आहे ते कोणी तपासलेले नसते. अमेरिकेत २०१९ साली अशा वाफेने फुफ्फुसांना इजा होण्याची साथच आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण नोंदले गेले आणि ६८ माणसे दगावली. त्यांतले बहुतेक गांजाचा अर्क मिसळलेली वाफ ओढत होते आणि मुख्य दोष त्यात घातलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटचा निघाला. ओढणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ब्रिटनमध्ये सिगारेट सोडू इच्छिणाऱ्यांना सरकारी आरोग्यसेवा हेच साधन सुचवते, आणि त्याने काहींची सिगारेट सुटते असा पुरावा आहे. ज्वलन नसल्याने डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड यांपासून सुटका होते, हे मलाही मान्य आहे. पण तो सल्ला दीर्घकाळ सिगारेट ओढणाऱ्यासाठी आहे, तोही तपासलेल्या मालासाठी, जिथे निकोटिनला मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. या मुलाने आयुष्यात कधी सिगारेट ओढलीच नव्हती. तो सरळ यंत्रापासून सुरू झाला.

शिवाय आपले दुखणे वेगळे आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले, पण ओढणारे जेमतेम ३.८ टक्के. बाकी सारे मिसरी, मळलेली तंबाखू, गुटखा. बिडी वळून ज्या सिन्नरात कित्येक घरांची चूल पेटली, त्या आपल्या जिल्ह्यात तंबाखू ही परकी वस्तू नाही. ती घरातलीच आहे.

हे मला त्या मुलानेच ऐकवले. मी उपदेश करीत होतो, तो शांतपणे म्हणाला, "काका, बाबांनी हे यंत्र ज्या खिशातून काढून तुम्हाला दाखवलं ना, त्याच खिशात त्यांची चुन्याची डबी असते. ती तुम्हाला वीस वर्षांत दिसली नाही?"

मला उत्तर देता आले नाही. रक्तदाबाच्या केसपेपरवर मी दर महिन्याला आकडे लिहीत आलो. तंबाखूबद्दल एकदा, फार वर्षांपूर्वी, विचारल्याची नोंद आहे. ही चूक माझी. ती इथे कबूल करतो.

मग काय करावे?

यंत्राची दुरुस्ती मी करू दिली नाही. खोकला दुरुस्तीने थोडा कमी झाला असता, आणि २८० चे ३०० झाले असते. मुलाने यंत्र बंद केले, द्रव मोरीत न ओतता बाटलीसकट माझ्याकडे दिला. हा द्रव लहान मुलाच्या पोटात गेला तर जीव जाऊ शकतो. २०१४ साली अमेरिकेत एक वर्षाचे मूल त्याने दगावले. पहिले तीन दिवस त्याला वाईट गेले. चिडचिड, झोप नाही, कामात लक्ष नाही. निकोटिनचा च्युइंगम मोजून दिला, पाणी, फिरणे, आणि तलफ आली की पाच-दहा मिनिटे थांबायचे. एकदा मित्राकडे तो घसरला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन सांगितले. घसरणे म्हणजे हरणे नव्हे, हे मी मुद्दाम सांगतो, कारण बरेच जण तिथेच सोडून देतात. खोकला महिन्याभरात गेला.

पालकांनी मुलाच्या बॅगेत असे काही सापडले तर आरडाओरडा करू नये. आधी विचारावे, रोज किती, सकाळी किती लवकर. धाप, ताप, छातीत दुखणे असेल तर उशीर न करता डॉक्टरांकडे जावे आणि काय ओढले ते लपवू नये. त्यावरच उपचार ठरतो. सल्ल्यासाठी १८००-११-२३५६ हा केंद्र सरकारचा तंबाखूमुक्तीचा निःशुल्क क्रमांक आहे.

आणि मुलाशी बोलण्यापूर्वी आपला स्वतःचा खिसा चाचपून पाहावा. माझ्या परिचितांनी डबी सोडलेली नाही, पण दिवसाला किती वेळा तंबाखू मळली ते आता ते कॅलेंडरवर रेघा मारून मोजतात. मुलाने शिकवले. गेल्या खेपेस आले तेव्हा चौदाच्या नऊवर आले होते. रक्तदाबाच्या आकड्याखाली तो आकडाही मी लिहून ठेवला आहे.